आधी घड्याळ काढून ठेवतात

एकोणचाळिसावं कार्ड हातात आलं तेव्हा कपात अर्धा चहा होता, आणि तो तसाच राहिला. तोवर सकाळ मजेत चालली होती. रविवार, मला सुट्टी, टेबलावर ऊन, आणि समोर बुटाच्या खोक्यात आमच्या चित्रपट मंडळाच्या सभासदांनी काल संध्याकाळी लिहिलेली एकसष्ट कार्डं. आमची पद्धत अशी आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये सिनेमा. सिनेमा संपला की दिवे लागतात, प्रत्येकाला एक कोरं कार्ड आणि बोटभर पेन्सिल मिळते, आणि पंधरा मिनिटांत मनात येईल ते लिहून खोक्यात टाकायचं. नाव घालायचं नाही. दुसऱ्या दिवशी पाच वाजता चर्चा, आणि चर्चेआधी सगळी कार्डं मोठ्यानं वाचायची. एकही गाळायचं नाही, एक अक्षर बदलायचं नाही, आणि कुणी लिहिलं ते विचारायचं नाही. वाचायचं काम माझं. मी इस्पितळात एक्स-रे काढते, सत्तावीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं वाचलेली आहेत, त्यामुळे मला कुठलंही अक्षर लागतं असा मंडळात समज आहे आणि तो खरा आहे. आवाज मात्र माझा लहान. एक्स-रेच्या खोलीत ओरडावं लागत नाही. श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका, सोडा, एवढंच दिवसभर बोलायचं, तेही हाताच्या अंतरावरच्या माणसाशी. म्हणून शेवटच्या रांगेतले एक आजोबा दर महिन्याला सिनेमाबद्दल चकार शब्द न काढता एकच कार्ड लिहितात, की मागे ऐकू येत नाही, मोठ्यानं वाचत जा. दर महिन्याला मी ते माझ्या लहान आवाजात वाचते, पुढच्या रांगा हसतात, आणि आजोबांना तेही ऐकू येत नाही.

कालचा सिनेमा माझ्या पसंतीचा होता. आमच्यात निवडीची पाळी असते आणि माझी चार वर्षांनी आली होती. लोकांना वाटलं होतं, ही एकटी राहणारी, पन्नाशी ओलांडलेली बाई, ही काहीतरी बागेबिगेतलं, नातवंडांचं, डोळे टिपायला लावणारं आणील. मी आणला रशियन गुंडांचा सिनेमा. परक्या देशातल्या एका बंदराच्या गावात ही टोळी लॉन्ड्री चालवते. पुढे कपडे धुतात, मागे माणसं. टोळीचा म्हातारा प्रमुख बुद्धिबळ खेळत नाही, तत्त्वज्ञान सांगत नाही, त्याचे दात दुखत असतात आणि तो सिनेमाभर गाल धरून बसलेला असतो, हे मला आवडलं होतं. त्याच्या हाताखाली एक जाडा माणूस आहे, मारणं हे त्याचं काम. लॉन्ड्रीतल्या इस्त्रीवाल्यानं पोलिसांना काही सांगितलं असा संशय येतो, आणि मग इस्त्रीच्या खोलीत सात मिनिटं तो जाडा त्या इस्त्रीवाल्याला मारतो. संगीत नाही. वाफेचा आवाज आहे, आणि दुसरा तो आवाज आहे. सात मिनिटं म्हणजे किती असतात ते काल आमच्या हॉलला कळलं. कुणी छताकडे बघत होतं, कुणी पर्समध्ये हरवलेली वस्तू शोधत होतं, गणिताच्या बाईंनी शेजारणीचा हात धरला होता, आणि दुसऱ्या रांगेतला बेकरीवाला, एरवी इतका बडबड्या, त्यानं तोंडावर रुमाल धरला होता. तिसऱ्या मिनिटाला भाऊजी उठले. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, मंडळाचे अध्यक्ष, जनावरांचे डॉक्टर. ते वाकून, कुणाला त्रास होऊ नये असे हळूच बाहेर गेले, आणि जाता जाता त्यांनी ताईच्या खांद्याला हात लावला, चल अशा अर्थानं. मी भिंतीशी उभी होते, मला पडद्याच्या उजेडात स्पष्ट दिसलं. ताईनं मान हलवली. नाही अशी. भाऊजी क्षणभर थांबले, मग एकटेच गेले. मी ताईला तीस वर्षांत त्या माणसाला नाही म्हणताना पाहिलेलं नव्हतं, आणि तरी त्या वेळी मला एवढंच वाटलं, की बरं झालं, निदान हिला तरी सिनेमा आवडला.

कार्डांत जे यायचं ते आलं होतं. 'डोळे मिटून बसलो. डोळे मिटल्यावर आवाज जास्त येतो, ही कुणाची चूक?' 'इस्त्रीच्या खोलीतला उजेड! वा! त्या उजेडासाठी मी पुन्हा बघीन.' 'रशियन लोक असे नसतात. आमच्या शेजारी एक होता, तो दिवसभर गुलाब छाटायचा.' एकानं लिहिलं होतं, म्हाताऱ्याचे दात शेवटपर्यंत काढले नाहीत हे बरोबर वाटलं नाही. एकानं नुसतं 'शी' लिहून पेन्सिलीनं कार्डाला भोक पाडलं होतं. आणि एकानं, बहुधा गणिताच्या बाईंनीच, ठसठशीत अक्षरात, 'असले सिनेमे निवडणाऱ्यांना घरी आयाबहिणी नाहीत काय?' हे वाचून मी मोठ्यानं हसले होते. आहे ना, एक बहीण आहे, असं त्या कार्डालाच म्हणाले होते. माझं स्वतःचं कार्डही त्यात सापडलं. लोक मरणाच्या गोष्टी करत असताना मी लिहिलं होतं, 'इस्पितळाच्या प्रसंगात छातीची फिल्म उलटी टांगली आहे, त्यामुळे पेशंटचं हृदय उजवीकडे गेलं आहे.' एवढा सगळा रक्तपात बघून मला तेवढंच दिसलं, किंवा तेवढंच लिहायचं धाडस झालं. आणि मग एकोणचाळिसावं. 'मारामारी खोटी वाटली. त्या जाड्या माणसाच्या हातात घड्याळ आहे आणि तो तसाच मारतो. असं कुणी करत नाही. मारायच्या आधी घड्याळ काढून ठेवतात, काच फुटू नये म्हणून. टेबलावर, पट्टा सरळ करून. मग मारतात.'

सही नव्हती, पण अक्षराला सही लागत नाही. ताई डावखुरी. शाळेत असताना तिची ओळ पट्टीनं आखल्यासारखी सरळ जायची आणि माझी वाकडी, म्हणून मला बोलणी बसायची. अकरा वर्षांपूर्वी हात मोडला तेव्हापासून तिची ओळ उजवीकडे जाता जाता खाली उतरते. मी ते कार्ड उन्हात धरलं, फिल्म धरतात तसं, जणू त्याच्या आत आणखी काही दिसणार होतं. काही दिसायचं राहिलंच नव्हतं. भाऊजींचं घड्याळ आमच्या अख्ख्या मंडळाला माहीत आहे. कुत्र्याला तपासायच्या आधी ते घड्याळ काढून ठेवतात, गार धातू मुक्या जिवाला लागू नये म्हणून. हे ते स्वतः सांगतात आणि सांगताना फार गोड हसतात. चर्चेला बसले की तेच घड्याळ काढून टेबलावर ठेवतात, प्रत्येकाला पाच मिनिटं, एक सेकंद जास्त नाही. बेकरीवाला दर वेळी म्हणतो, 'निघालं बघा डॉक्टरांचं घड्याळ, आता कुणाची खैर नाही,' आणि दर वेळी सगळे हसतात. मीही हसते. एकदा नाही, सतरा वर्षं हसत आले.

आईला हा जावई म्हणजे हातात आलेलं सोनं वाटायचं. मुक्या जनावरावर एवढी माया करणारा माणूस बायकोला किती जपत असेल, हे ती येणाऱ्या जाणाऱ्याला ऐकवायची. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ताई चार दिवस आमच्याकडे येऊन राहिली, काही बोलली नाही, नुसती माझ्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपायची. चौथ्या दिवशी आई तिच्या केसांना तेल लावत म्हणाली, घरोघरी मातीच्या चुली. ताई परत गेली. तेव्हा मी नुकतीच एक्स-रेचं शिकत होते आणि मला वाटायचं की माणसाच्या आतलं सगळं मला दिसायला लागणार आहे. आता कळतं की आईलाही सगळं दिसत होतं. आमच्या घराण्यात नजर कुणाचीच अधू नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत आम्ही तिघींनी मिळून ती मूठ तीस वर्षं झाकली, आणि तिच्या आत ताईचा हात होता. आईच्या शेवटच्या आजारात भाऊजींनी तिची सगळी सेवा केली, हे खरंच आहे, मी ते नाकारत नाही. तिला उचलून बसवायचे, पाणी पाजायचे. पाणी पाजताना घड्याळ काढून ठेवायचे. मला आज हे आठवतं आणि संताप येतो तो त्यांचा नाही, त्या हळुवारपणाचा येतो. तो खोटा असता तर फार सोपं झालं असतं.

ती अकरा वर्षांपूर्वीची दुपार मला पाठ आहे. भाऊजी स्वतः तिला घेऊन आले, तिचा डावा हात आपल्या दोन्ही हातांवर तोलून, दारातूनच म्हणाले, 'बघा हो तुमची बहीण, घरी जिन्यावरून पडली, लक्ष कुठे असतं कोण जाणे.' नोंदणीचा कारकून जेवायला गेला होता, म्हणून फॉर्म मीच भरला. भाऊजी बाहेर बाकावर बसले. खोलीत आम्ही दोघीच. मी तिला शिशाचा एप्रन घातला, हात पाटीवर ठेवला, कडेला डाव्या बाजूची खूण ठेवली, आणि म्हणाले, हलू नकोस. ती हलली नाही. फिल्म धुऊन आली तेव्हा मी ती दिव्यावर लावली आणि बघत उभी राहिले. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, एक अंगठ्याच्या बाजूचं, एक करंगळीच्या बाजूचं. माणूस पडतो तेव्हा तळव्यावर पडतो आणि अंगठ्याच्या बाजूचं हाड मनगटाजवळ मोडतं. हे मी हजार वेळा पाहिलंय, मुलांत, म्हाताऱ्यांत, ओल्या फरशीवर घसरलेल्यांत. ताईचं ते धड होतं. मोडलं होतं करंगळीच्या बाजूचं, बरोबर मधोमध, आडवं. ते तसं मोडतं तेव्हा माणूस पडत नसतो. तेव्हा माणसानं तोंडासमोर हात आडवा धरलेला असतो. हे मला शिक्षणाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं आणि मी त्या परीक्षेत पहिली आले होते. मी फॉर्मकडे वळले. 'इजा कशी झाली' असा रकाना होता. ताई माझ्याकडे बघत होती. ती नको म्हणाली नाही आणि लिही असंही म्हणाली नाही. मी लिहिलं, 'जिन्यावरून पडून.' हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म बघितली, मग मला बघितलं, विचारलं, 'पडल्या?' मी म्हटलं, 'हो.' ते म्हणाले, 'बरं.' ताईचं घर बैठं आहे. पुढे बाग, मागे दवाखाना, सगळं एका पातळीवर. त्या घराला जिनाच नाही.

मी उठून कपातला चहा मोरीत ओतला आणि कार्ड साडीच्या घडीत दडवावं तसं वहीत सरकवून ठेवलं. साठ वाचली काय आणि एकसष्ट वाचली काय, कोण मोजतंय? हा विचार माझ्या मनात आला आणि चांगला ऐसपैस बसला, हे मी लपवत नाही. मी स्वतःला समजावलं की हे तिच्या भल्यासाठी. वाचलं तर सगळ्या हॉलला कळेल, आणि भाऊजींना तर आधी कळेल, आणि मग आज ती त्यांच्याबरोबर त्याच बैठ्या घरात जाईल. कार्ड वहीतच राहिलं तर ती निदान आहे तशी राहील. आहे तशी म्हणजे कशी, ते मात्र मी स्वतःला विचारलं नाही. असं शहाणपण मला फार लवकर सुचतं. त्या दुपारीही ते असंच चटकन सुचलं होतं, फॉर्मवर लिहायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. मी वही उघडली, कार्ड काढलं, पुन्हा ठेवलं. मग फोन केला.

"वाचलंस?" ताई म्हणाली. हॅलो नाही, काही नाही.

"भाऊजी कुठायत?"

"दवाखान्यात. मांजरीचे टाके काढतायत. बोल तू."

"ताई, अगं, सगळ्यांना त्यांचं घड्याळ माहीत आहे."

"म्हणून तर."

"आणि मग नंतर? घरी कुणाबरोबर जाणारेस?"

"तुझ्याबरोबर. तुझ्याकडे जादा उशी आहे ना? नसली तर मी माझी आणते, मला तशीही कडक लागते."

मला हसू आलं आणि मी मोरीच्या कट्ट्याला टेकले. "इतकी वर्षं तू 'चांगला होता' एवढंच लिहायचीस," मी म्हटलं. "काल काय झालं?"

मागे कुठेतरी एक कुत्रं भुंकत होतं. "काल ते उठून गेले," ती म्हणाली. "त्यांना बघवेना. मला म्हणाले चल. आणि मला वाटलं, का म्हणून? मला बघवतंय की. सगळे डोळे झाकून बसले होते गं, आणि मी बघत होते आणि मनात म्हणत होते, चुकतोय हा, असं नसतं, ह्यांनी कुणाला तरी विचारायचं होतं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये हे फक्त मला माहीत होतं."

"मलाही," मी म्हटलं.

"हो," ताई म्हणाली. "तुलाही. म्हणून तूच वाचायचंस. मागच्या वेळी तू लिहिलंस, मी गप्प बसले. ह्या वेळी मी लिहिलंय."

ती तीन वाजता आली. हातात एक कपड्यांची पिशवी, आणि काखेत खरोखरच उशी. भाऊजींना तिनं सांगितलं होतं की बहिणीकडून परस्पर हॉलवर येते, आणि ते म्हणाले होते, ये, तिला समजावही, आज तिला जरा ऐकून घ्यावं लागेल. ते मला आधीच कळलं होतं. रात्री त्यांनी ठराव लिहून काढला होता आणि दुपारी बेकरीवाल्यामार्फत माझ्याकडे पोचवला होता. मंडळ यापुढे हिंसक चित्रपट दाखवणार नाही, आणि ज्या सभासदानं कालचा चित्रपट निवडला त्यानं सर्वांसमोर दिलगिरी व्यक्त करावी. कागद वाचून ताई म्हणाली, "अक्षर किती छान आहे त्यांचं." मग तिनं उशी माझ्या कॉटवर ठेवली, मधोमध नाही, एका कडेला, लहानपणी ती जिथे झोपायची त्या बाजूला, आणि आरशात बघून केस सारखे केले. तिच्या हाताची ती करंगळीची बाजू थोडी जाड आहे. हाड जुळलं की तिथे गाठ राहते. मी कार्डं खोक्यात भरताना एक लबाडी केली. सतरा वर्षांत मी कार्डांचा क्रम कधी बदलला नव्हता, ज्या क्रमानं निघतील त्या क्रमानं वाचायची हा माझा नेम. आज मी आजोबांचं कार्ड शोधून काढलं आणि ते ताईच्या कार्डाच्या लगेच मागे ठेवलं.

हॉल भरलेला होता. एरवी चर्चेला पंचवीस-तीस जण येतात, आज सगळे आले होते; शिव्या द्यायच्या असल्या की माणसं वेळेवर येतात. भाऊजी टेबलाच्या मधोमध, मी त्यांच्या डावीकडे खोकं घेऊन, ताई तिसऱ्या रांगेत तिच्या नेहमीच्या खुर्चीवर. भाऊजींनी घड्याळ काढलं. पट्टा सरळ केला. बेकरीवाला म्हणाला, "निघालं बघा," आणि सगळे हसले, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्या हसण्याच्या आत दुसरं काय काय आहे ते ऐकू आलं. भाऊजी म्हणाले की मला मुक्या जनावराचं रक्त बघवत नाही, माणसाचं कसं बघवेल. कला म्हणजे माणसाला वर नेणारी गोष्ट. आणि निवड करणाऱ्या माझ्या मेहुणीच आहेत, म्हणून सुरुवात घरापासून करू. आवाज इतका मऊ, की मलाच क्षणभर वाटलं, मागून टाकावी माफी आणि मोकळं व्हावं. तो आवाज ऐकतच आमची तीस वर्षं गेली आहेत. गणिताच्या बाईंनी मान डोलावली. मी म्हटलं, "आधी कार्डं." भाऊजी म्हणाले, "अर्थात. नियम म्हणजे नियम."

मी वाचायला लागले. डोळे मिटलेला, उजेडवाला, गुलाबवाला. आयाबहिणींचं कार्ड वाचलं तेव्हा टाळ्या पडल्या, आणि मी त्या पडू दिल्या. माझ्या उलट्या फिल्मवर कुणी हसलं नाही. अडतिसावं कार्ड 'शी' होतं, ते मी भोकासकट दाखवलं. मग माझी बोटं एकोणचाळिसाव्यावर आली आणि मी स्वतःला म्हटलं, श्वास घे. आयुष्यभर मी लोकांना पुढचं सांगत आले, धरून ठेवा, हलू नका. त्या दुपारी ताईला तेच सांगितलं आणि सोड म्हणायचं राहून गेलं. अकरा वर्षं ती तशीच धरून बसली होती. मी वाचलं. मारामारी खोटी वाटली, इथपर्यंत लोक ऐकत होते. मारायच्या आधी घड्याळ काढून ठेवतात, इथे पुढच्या रांगेत कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि हसू अर्ध्यावर टाकलं. टेबलावर, पट्टा सरळ करून. मी मान वर केली नाही, तरी मला कळलं की सगळे कुठे बघतायत. ते घड्याळ माझ्या उजव्या हातापासून वीतभर अंतरावर होतं.

भाऊजी हसले. "घड्याळ काय," ते म्हणाले, "कुणीही काढतं. मीसुद्धा काढतो." आणि मग ते थांबले.

"कुणी लिहिलंय हे?" त्यांनी विचारलं.

"विचारायचं नसतं, डॉक्टर," बेकरीवाला म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "नियम तुमचाच आहे."

"मी लिहिलंय," ताई म्हणाली. ती उभी राहिली होती. तिचा आवाज माझ्याहूनही लहान, पण तिसरी रांग जवळ असते.

भाऊजींनी तिच्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी कुत्र्यांच्या मालकांनी वर्णन केलेली ऐकली आहे. जनावर आपोआप शांत होतं म्हणे. ते हळूच म्हणाले, "बस तू. घरी बोलू." मग सगळ्यांना म्हणाले, "माफ करा. तिची तब्येत ठीक नसते. तो हात मोडला ना, तेव्हापासून मनानं जरा खचली आहे."

"कशानं मोडला?" मी विचारलं. मला वाटतं मी त्यांना एवढा सरळ प्रश्न त्याआधी कधीच विचारला नव्हता.

"तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच फॉर्म भरलात. घरी जिन्यावरून पडली."

"भरला," मी म्हटलं. "खोटा भरला. तुम्ही सांगितलंत आणि मी लिहिलं, आणि मला फिल्मवर सगळं दिसत होतं." ह्या हॉलमधला प्रत्येक माणूस दर वर्षी मंडळाच्या वर्धापनदिनाला भाऊजींच्या बागेत चहाला जातो, आत हात धुवायला जातो, पुढच्या दारानं शिरतो आणि मागच्या दवाखान्यातून बाहेर पडतो. मला त्यांच्या चेहऱ्यांवर ते घर दिसत होतं. एकेक जण मनातल्या मनात त्या घरातून चालत होता आणि शोधत होता. गणिताच्या बाईंचे ओठ हलत होते, गणित करताना हलतात तसे.

"डॉक्टर," शेवटी बेकरीवाला म्हणाला, "तुमच्याकडे जिना कुठाय?"

भाऊजींचा हात घड्याळाकडे गेला. ते त्यांनी मनगटावर चढवलं, पट्टा ओढला, पण टोक काही त्या लहानशा कडीत जाईना. एकदा, दोनदा, तीनदा. मदत करायला कुणी पुढे झालं नाही. ठरावाचा कागद त्यांच्यापुढे होता, त्या छान अक्षरातला, आणि त्यावर माझ्या सहीसाठी जागा सोडलेली होती. मी तो बाजूला सरकवला आणि खोक्यातलं पुढचं कार्ड घेतलं, कारण एकही गाळायचं नाही. चाळिसावं कार्ड मी वाचलं. 'मागे ऐकू येत नाही. मोठ्यानं वाचत जा.'

शेवटच्या रांगेत आजोबा कानामागे हात धरून बसले होते, दर महिन्याला बसतात तसे. ह्या वेळी पुढच्या रांगा हसल्या नाहीत. मी खुर्ची मागे सारून उभी राहिले, ताईचं कार्ड पुन्हा हातात घेतलं, आणि पहिल्या शब्दापासून मोठ्यानं वाचलं.